दोन घरांची एक भिंत

मी एक भिंत. महाळुंगे पडवळच्या जुन्या आळीतली, सावळेराम आणि बायडाबाई यांच्या घरांमधली सामाईक. दोन्ही घरांच्या तुळया माझ्याच खांद्यावर.

सावळेरामाची लेक उज्ज्वला बडोद्याला घरबांधणी शिकून, तिथल्याच नोकरीचं बोलावणं घेऊन परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, मी वरपर्यंत काळ्या दगडाची असेन. जुन्या घरांचं तसंच चित्र तिच्या मनात पक्कं होतं. प्रत्यक्षात गुडघाभर दगड, त्यावर सगळी पांढरी माती, आणि मातीवर सिमेंटचा थर. तोही ओला, पोट सुटलेला.

बैलांनी तुडवलेल्या चिखलातून मी उभी राहिले. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढला नाही. पुढे दर दिवाळीआधी दोन्हीकडच्या बाया मला शेणामातीनं लिंपायच्या. हात एकमेकींना दिसत नसत, पण गप्पा माझ्या डोक्यावरून चालायच्या.

शहाण्णव साली सावळेरामानं मला सिमेंट लावलं. मग बायडाबाईनंही लावलं. मीही फुशारले. पण जमिनीतून चढणारी ओल पूर्वी माझ्या अंगातून उडून जायची; आता तिला वाटच उरली नाही.

"ही पाडायची," सावळेराम म्हणाला. "सोमवारी माणसं येत्यात. पिलर आन वर स्लॅब. लई झालं मातीचं."

"मग माझ्या तुळया काय तुमच्या डोक्यावं ठिवू, भावजी?" पलीकडून बायडाबाई.

"तुमीबी बांधा की, वहिनी."

"बांधते की! ह्या चार कोंबड्या इकते आन बंगलाच बांधते."

उज्ज्वलेचं लक्ष माझ्याकडे होतं. कलिंगड पारखावं तशी ती मला बोटांनी ठोकत होती. एका जागी आवाज पोकळ आला. तिथं तिनं छिन्नी लावली, तसा सिमेंटचा मोठा पोपडा निखळला. तिनं ओल्या मातीत बोट घातलं, माती हुंगली. मग छिन्नीचं टोक आणखी आत सारलं.

"आण्णा, आत कोरडी आहे, घट्ट आहे! दोन्हीकडचं सिमेंट काढलं तर वाळेल ही. पुन्हा माती लावू. पाडायची गरजच नाही. केवढं शहाणपण आहे हो या घरांत!"

पलीकडून बायडाबाई म्हणाली, "शानपन भिताडात हाय, पर सारवायचं कुनी? माझ्या गुडघ्यांना इचार, पोरी. शिमीट लावलं त्या दिवाळीला मी पैल्यांदा नुसती बसले व्हते."

उज्ज्वलेनं छिन्नी खाली ठेवली. इतकी वर्षं मला हातांची ऊब कळली, त्यामागचे गुडघे कधी कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली आणि वडिलांना म्हणाली, "सोमवारच्या माणसांना नको म्हणून सांगा. सिमेंट मी काढते. दोन्ही बाजू मीच लिंपणार."

"आन पुढल्या सालाला?" पलीकडून लगेच आवाज आला. "तवा तू बडोद्याला, आन मी हाय हितं!"

"पुढच्या सालीही मीच, काकू. बडोद्याची नोकरी मी घेत नाहीये. इथंच राहणार."

सावळेराम तिच्याकडे बघतच राहिला. पलीकडे बायडाबाई हसली. "मग आदी शेन कालवाया शिक. ये हिकडं."

या नव्या हातांचा स्पर्श कसा असेल, याचं मला फार कुतूहल आहे. तेवढ्यासाठी तरी मला उभं राहू द्या.