आरसा आला का?

अहो, लगेच खाली ठेवू नका मला. दोन मिनिटं हातात धरा. मी या चष्म्याच्या दुकानातला हातआरसा. नवी फ्रेम नाकावर चढवली की तुम्ही मलाच तर समोर धरता. मान डावीकडे, मान उजवीकडे, मग हनुवटी थोडी वर. तुमच्यासारखी हजारो तोंडं मी पाहिली आहेत, पण त्यातल्या एका तोंडानं मला जो धक्का दिला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

तसा माझा जन्म साधाच. आरशांच्या कारखान्यात एका मोठ्या काचेच्या पाठीवर चकाकता लेप चढला, त्यावर लाल रंग बसला आणि कडेचा उरलेला तुकडा कुणीतरी गोल कापला. तो मी. माझी थोरली भावंडं कपाटांच्या दारांवर जाऊन बसली, काही न्हाव्याकडे गेली. माझ्या वाट्याला काळी प्लॅस्टिकची मूठ आली आणि हे अरुंद, लांबुळकं दुकान.

दुकानात दोनच माणसं. दाराजवळच्या खुर्चीत मालक आणि काउंटरमागं स्क्रूताई. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण चष्म्याचा तो मोहरीएवढा स्क्रू ती बोटाच्या टोकावर चिकटवून इतक्या सहज फिरायची, की गिऱ्हाइकांनी तिला हेच नाव दिलं. नऊ वर्षं ती इथं होती. मालकांना साधी चष्म्याची काडी सरळ करता येत नव्हती. दुकान चालत होतं ते तिच्या हातांवर.

या दुकानाची एक रीत होती. आत ट्यूबलाइटखाली फ्रेमचा खरा रंग कळत नाही, तपकिरी काळी दिसते. म्हणून मालक प्रत्येकाला सांगायचे, "बाहेर उजेडात जाऊन बघा, मग ठरवा." गिऱ्हाईक दोन-तीन फ्रेमा आणि आरसा घेऊन पायरीवर जायचं, हवं तेवढं न्याहाळायचं आणि परत यायचं. लोकांना हा विश्वास फार आवडायचा.

माझ्याआधीचे दोन आरसे मात्र याच पायरीवर गमावले होते. एक फुटला, दुसरा कुणीतरी बोलता बोलता घेऊन गेलं. ते मालकांना फार लागलं. मी दुकानात आलो त्या दिवशी तिथं काटेवाले साहेब बसले होते. हे निवृत्त तपासनीस. दुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरीत असताना कुणाच्या चहाच्या कपालाही हात लावला नाही, असा त्यांचा लौकिक. निवृत्तीनंतर मात्र आठवड्यातून दोनदा ते आमच्याकडे चहाला यायचे आणि चष्म्याचे स्क्रू फुकटात आवळून घ्यायचे.

"सुरक्षा ही रोजची गोष्ट आहे मालक," साहेब म्हणाले. "आरशाला नंबर टाका, लाल दोरी बांधा. आणि गिऱ्हाईक आत आलं की मोठ्यानं विचारा, आरसा आला का? रोज, न चुकता. दुर्लक्ष झालं की संपलं."

मालकांनी ते शब्द झेलले. माझ्या मुठीला लाल दोरी आली, तिला एक नंबर लिहिलेली पत्र्याची चकती आली, भिंतीवर माझ्यासाठी खास खिळा आला. दर गिऱ्हाइकामागं मालक खुर्चीतून ओरडायचे, "आरसा आला का?" आणि ताई म्हणायची, "आला!"

खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो. पाचशे फ्रेमांच्या या दुकानात चौकशी व्हायची ती एकट्या माझी! फ्रेमा किती गेल्या, किती आल्या, हे कुणीच विचारत नाही, ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नाही. आता वाटतं, काय गाढव होतो मी!

मग तो दिवस उजाडला. साहेब सुनेसाठी म्हणून दोन फ्रेमा आणि मला घेऊन पायरीवर आले. एक फ्रेम त्यांनी मला दाखवली, नाक मुरडलं. दुसरी चढवली, ती सोनेरी काड्यांची, दुकानातली सर्वांत भारी. तिच्यात त्यांनी स्वतःला दोनदा पाहिलं. मग शांतपणे उतरवली, घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. पुन्हा मला तोंडासमोर धरून भांगातला एक केस नीट बसवला.

मी थिजलो. विसरले असतील, असं मी स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं. आत गेले की काढतील.

आत गेले. मालक ओरडले, "आरसा आला का?"

"हा घ्या तुमचा आरसा!" साहेबांनी मला दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं ताईच्या हातात दिलं. सगळे समाधानानं हसले. पहिली फ्रेम ट्रेमध्ये पडली. दुसरीचं नावही कुणी काढलं नाही.

असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. कधी पंधरवड्यानं, कधी महिन्यानं. ज्यानं लोकांच्या काट्यातली रतीभर खोट पकडली, तो माणूस दिवसाढवळ्या पायरीवर उभा राहून चोरी करत होता आणि मी त्याच्या हातात होतो! त्याहून भयंकर म्हणजे मी परत आलो की सगळ्यांना वाटायचं, सगळंच परत आलं. माझ्या आडोशानं माल जात होता. एवढ्या जवळून चोर पाहणारा साक्षीदार जगात दुसरा नसेल, आणि मला तोंड नव्हतं.

दुकानात मालाची मोजदाद व्हायची वर्षातून एकदा. त्या वर्षी ती झाली आणि मालक मटकन खाली बसले. अकरा फ्रेमा कमी, त्याही निवडक, भारीतल्या.

"दुकानात माणसं दोन," मालक म्हणाले. "मी तर नेल्या नाहीत."

ताईच्या बोटावरचा स्क्रू खाली पडला. तो शोधायला ती वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरी जाताना ताईची पर्स आणि डबा काउंटरवर उघडून बघायची पद्धत सुरू झाली. मालक डब्याचं झाकणसुद्धा उचलायचे. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "मालक, नऊ वर्षं झाली मला इथं."

"तुमच्यावर संशय नाही हो ताई. हे आपलं नियम म्हणून," मालक म्हणाले आणि पर्सचा आतला कप्पा उघडला.

मला शरमेनं चूर झाल्यासारखं वाटलं. काटेवाले साहेब तिथंच चहा पीत बसले होते. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. शिस्त हवीच," असं म्हणाले! माणूस इतका निगरगट्ट असू शकतो, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर कधी मानलं नसतं.

तीन महिने हे चाललं. ताई हसायची बंद झाली. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती आणि घर ताईच्या एकटीच्या पगारावर चालायचं. बाजारात कुजबुज पोहोचली होती. तिनं काम विचारलं तेव्हा बाजारातल्या दुसऱ्या चष्म्यावाल्यानंही नीट उत्तर दिलं नाही. शेवटी एका शुक्रवारी मालकांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "ताई, सोमवारपासून येऊ नका."

शनिवारी सकाळी ताई आली ती वेगळीच. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. मला पुसता पुसता ती पुटपुटली, "मी नेल्या नाहीत. मालकांनी नेल्या नाहीत. म्हणजे दारातून गेल्या." त्या दिवशी पहिल्यांदा तिनं बाहेर जाणारी प्रत्येक फ्रेम बोटावर मोजली. मालक "आरसा आला का?" ओरडत राहिले. ती "आला" म्हणत राहिली आणि मोजत राहिली.

दुपारी साहेब आले. तीन फ्रेमा घेऊन पायरीवर गेले. एक खिशात गेली, ती मी पाहिली. परत आल्यावर त्यांनी नेहमीसारखं मला पुढं केलं. ताईनं मला घेतलंच नाही.

"आरसा राहू दे साहेब. तिसरी फ्रेम कुठं आहे?"

"ताई!" मालक खुर्चीतून ताडकन उठले. "डोकं ठिकाणावर आहे का? कुणाला विचारताय तुम्ही?"

"तीन नेल्या, दोन आल्या. मी कुणालाही विचारेन."

साहेब हसले. "अरे हो, राहिलीच की खिशात." मला काउंटरवर ठेवून त्यांनी खिशातली फ्रेम ओढली. किमतीची चिठ्ठी फ्रेमला दोऱ्यानं बांधलेली असते. त्या दोऱ्यात अडकून मागोमाग आणखी एक फ्रेम बाहेर आली आणि काउंटरवर पडली. ती तर त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. समोरच्या ट्रेमधून कधी उचलली, देव जाणे.

मालकांचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनी घसा खाकरला. "मी तपासणी करत होतो. तुमची व्यवस्था किती पक्की आहे ते बघत होतो. तपासनिसाचा स्वभाव, दुसरं काय!"

आणि काय सांगू तुम्हाला, मालकांनी मान हलवली! त्यांना ते खरं मानायचं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला चोर म्हणायला त्यांची जीभ उचलेना. हाच माणूस तीन महिने एका बाईच्या डब्याचं झाकण उचलत होता.

"मग साहेब," ताई म्हणाली, "आधीच्या अकरा फ्रेमांची तपासणी झाली असेल, तर त्याही आणून द्या."

साहेब घाईघाईनं पायरी उतरले. त्या धांदलीत मी काउंटरवरून खाली पडलो. माझ्या कडेला हा तडा दिसतोय ना, तो तेव्हाचा.

संध्याकाळपर्यंत गोष्ट त्यांच्या घरी पोहोचली आणि त्यांची सून बुटांचं एक खोकं घेऊन आली. बिचारीला मान वर करवत नव्हती. "बाबांच्या कपाटात होतं. आम्हाला वाटलं, जुने बूट असतील," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. आत फ्रेमा होत्या. एकही वापरलेली नव्हती, चिठ्ठ्यासुद्धा तशाच. कशासाठी नेल्या असतील? मला आजतागायत कळलेलं नाही.

मालकांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चौदा? पण आपल्या तर अकराच गेल्या होत्या."

"तीन नंतर गेल्या," ताई म्हणाली. "तीन महिने रोज माझी पर्स बघितलीत मालक, ट्रे एकदाही मोजला नाहीत. किती गेल्या ते तुम्हाला माहीत नव्हतं, पण कुणी नेल्या ते मात्र पक्कं माहीत होतं."

मालकांनी हात जोडले. "चुकलो ताई. सोमवारी येताय ना?"

"येऊ नका म्हणालात, तेवढं ऐकते," असं म्हणून तिनं मला खिळ्यावर टांगलं आणि ती गेली. पुढच्याच आठवड्यात त्या दुसऱ्या चष्म्यावाल्यानं तिला बोलावून घेतलं, असं गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं.

मालक आता रोज सकाळी आणि संध्याकाळी स्वतः एकेक ट्रे मोजतात. बाहेर जाणारी फ्रेम चिठ्ठीवर लिहिली जाते, परत आली की खोडली जाते. पाच मिनिटांचं तर काम आहे. हीच पाच मिनिटं नऊ वर्षं दिली असती तर! कधी कधी मोजता मोजता ते थांबतात आणि काउंटरमागच्या नव्या बाईकडे बघून उगाच म्हणतात, "सगळं बरोबर आहे हो." ती गोंधळते.

माझी दोरी कुजून तुटली, चकती कुठंतरी पडली. मी आलो का, हे आता कुणी विचारत नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

चला, जा आता पायरीवर. उजेड छान आहे, हवं तेवढं न्याहाळा स्वतःला. फक्त परत आल्यावर कुणी तुमच्या हातातल्या फ्रेमा मोजल्या, तर रागावू नका. ती मोजणी काउंटरमागं उभ्या असलेल्या बाईसाठी असते.