इनामगावचं टेकाड

सहा दिवस जीप हिंडत होती. अजिंठा, वेरूळ, देवगिरीचा किल्ला. कारखान्यातून आठवड्याची रजा काढून नागसेननं आईला लेणी दाखवायला नेलं होतं. पण अनसाबाईच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी दगा दिला. वेरूळला ती चार पायऱ्या चढून बसली. देवगिरीला तर जीपमधून उतरलीच नाही. नागसेन एकटाच वर जाऊन आला.

परत येताना शिरूर मागं पडलं. तळेगाव ढमढेऱ्यातलं घर आता जवळच होतं. न्हावरा फाट्याला अनसाबाई म्हणाली, "गाडी इनामगावला घ्या."

"आई, आता कुठं? गोकुळभाऊ सकाळपासनं चालवतायत."

"मला बगायचंय."

ड्रायव्हर गोकुळनं गाडी वळवली.

घोड नदीच्या काठी टेकाडावर बाभळी होत्या आणि वाळलेलं गवत.

"इथं काय बघायचं?" नागसेन वैतागून म्हणाला.

"तुझ्या जल्माआदी आमी हितंच राहायचो. पुण्याची कॉलेजची मानसं हितलं जुनं गाव खनायला आली, तवा मी कामाला व्हते."

त्याच्या खांद्यावर हात टाकून ती थांबत थांबत वर चढली.

"हितं जुन्या घराची जमीन लागली. तिच्याखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठिवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. साहेब म्हनले, तीन हजार वर्साची."

नागसेन वाकून ती जागा बघू लागला.

"त्याच साली माझी पोर गेली व्हती. नऊ दिसांची. तुझ्या बापानं नदीकडं नेली. कुठं पुरली, मी इचारलं न्हाई." ती जमिनीवर बसली. "त्या मडक्यातल्या लेकराच्या आईनं त्याला घरातच ठिवलं व्हतं. माझा हात उचलंना. बाकीच्या बाया म्हनल्या घरी जा. मी न्हाई गेले. समदी माती मीच काढली, ब्रशनं."

तीस वर्षांच्या नागसेनला आपल्याला बहीण होती हे आज कळत होतं. तोही खाली बसला.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कवा सांगनार? तू शाळंत, मग ड्युटीवर."

बऱ्याच वेळानं गोकुळ पाण्याची बाटली घेऊन आला. अनसाबाईचे गुडघे सरळ होईनात. दोघांनी धरून तिला गाडीत आणलं. न्हावरा यायच्या आत ती नागसेनच्या अंगावर रेलून झोपली. त्याचा हात बधिर झाला, तरी तळेगाव येईपर्यंत त्यानं तो हलवला नाही.