कपाळावर कुंकू

मित्रांनो, मी एक जुनं, जाडजूड पुस्तक आहे. पोटात अठरा आयरिश गोष्टी आणि कपाळावर कुंकू. हे दोन्ही एकत्र कसं आलं, तेच सांगतो.

माझा जन्म डब्लिनच्या एका छापखान्यातला. माझे लेखक मोठे मजेशीर. त्यांतले बरेचसे जण देश सोडून पळाले आणि जन्मभर आपल्याच गल्लीबद्दल लिहीत बसले. त्यांच्या गोष्टींत फारसं काही घडत नाही. पाऊस पडतो, पाद्री घसा खाकरतो, कुणीतरी जायला निघतं, आणि वाचणारा उगाच नाक पुसत बसतो.

तिथून मी अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या एका छोट्या लायब्ररीत आलो. नऊ वर्षं मला कुणी उघडलं नाही. एकदा खिडकी बंद होऊ नये म्हणून मला फटीत ठेवलं, तेवढाच हवापालट. मग शहाण्णव साली लायब्रेरियन मिसेस डोलन वाचनगटात म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी यावर कुणी बोलणार असेल तर ठेवते. नाहीतर रद्दीत."

शुभाकाकूंनी हात वर केला. खरं म्हणजे कॉफी संपली हे सांगायला. पण यादीत नाव लागलं.

काकूंनी घरी सतरा गोष्टींचा फडशा पाडला. अठरावीची शेवटची दोन पानं मात्र राखून ठेवली, सोमवारी निवांत चहाबरोबर वाचायला. आणि सोमवारी दसरा. सकाळीच त्यांच्या यजमानांनी, शशिकांतकाकांनी, घरातली सगळी पुस्तकं देवापुढे रचली. खाली टेलिफोन डिरेक्टरी, मध्ये व्हीसीआरचं मॅन्युअल, वर मी. कुंकवाचं बोट थेट माझ्या कव्हरवर.

"बाबा, इट्स अ लायब्ररी बुक," त्यांची मुलगी अनया म्हणाली.

"सरस्वतीला मेंबरशिप लागत नाही."

"अहो, माझी दोन पानं राहिलीत," काकू म्हणाल्या.

"पूजेतलं पुस्तक वाचायचं नसतं. उद्या ऑफिसातून आलो की उत्तरपूजा करतो, मग वाच."

"उद्या सातला बोलायचंय मला."

"साडेसहाला येतो ना."

काका आले सहा पन्नासला. ट्रॅफिक. माझ्यावर अक्षता पडल्या, मी जागचा हललो, आणि काकूंनी मला सीटवर टाकून गाडी दामटली.

लायब्ररीत काकूंनी अठरावी गोष्ट झकास सांगितली. शेतावरून भांडून भाऊ अमेरिकेला जातो, बहीण गावात वाट बघते. शेवट मात्र ठोकून दिला. "मग भाऊ परत येतो. बहीण लाडू करते. शेताचा वादही मिटतो."

मागे बसलेले एक आयरिश आजोबा म्हणाले, "बाई, आमच्या गोष्टींत कुणी परत आलेलं मी सत्तर वर्षांत ऐकलं नाही."

मिसेस डोलननी मला उघडलं. कव्हरखालून तांदळाचे चार दाणे टेबलावर पडले. त्यांनी ती दोन पानं मोठ्यानं वाचली. भाऊ येत नाही. बहीण रोज दोन कप चहा ओतते. आपला पिते, मग त्याचा गार झालेला पिते. बस्स.

काकूंनी टेबलावरचे दाणे बोटानं गोळा केले. मग म्हणाल्या, "मला इथे येऊन चौदा वर्षं झाली. साताऱ्यात माझी आई अजून माझ्या वाटणीची पोळी लाटते. दुसऱ्या दिवशी कुस्करून खाते."

आजोबांनी नाक पुसलं.

तेवढ्यात मिसेस डोलनचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. डाग पडलेलं पुस्तक रद्दीत, हा तिथला नियम.

"डाग नाही तो," काकू ओशाळून म्हणाल्या. "काल आम्ही याची पूजा केली."

"नऊ वर्षं याला कुणी विचारलं नाही, आणि तुम्ही पूजा केलीत?"

मिसेस डोलननी पेन काढलं आणि माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, 'कव्हरवर लाल खूण आहे. पुसू नये.'

तेव्हा मित्रांनो, पुस्तकांची पूजा जरूर करा. फक्त शेवटची दोन पानं आधी वाचून घ्या. नाहीतर लाडू करून भावाला परत आणावं लागतं.