एकशे बेचाळीस पायऱ्यांवरची जाळी

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. मी जाळी. मासे धरायची नव्हे, कचरा झाकायची. नागासाकीत आमच्या डोंगरउतारावर एकशे बेचाळीस पायऱ्या चढून आलं की डाव्या हाताला सिमेंटचा एक कोपरा लागतो. तिथं मी सतरा वर्षं काढली.

माझा रंग हिरवा. वाऱ्यानं उडू नये म्हणून काठाला जड दोरी ओवलेली. एकाच ताग्यातून आम्ही चौघी निघालो. दोघी शाळेच्या मैदानावर चेंडू अडवायला गेल्या, एकीवर कुणीतरी काकडीचे वेल चढवले. मी आले आमच्या आळीच्या मंडळाकडे. मंडळाचं काम पाहणाऱ्या मित्सुए उराकावा बाईंनी मला पिशव्यांवर पसरलं, कमरेवर हात ठेवले आणि समोरच्या तारेवरच्या कावळ्यांना म्हणाल्या, "या आता! बघतेच तुमच्याकडे!"

तेव्हा या चढावर अठरा घरं नांदती होती. मंगळवारी आणि शुक्रवारी जळणारा कचरा, बुधवारी प्लास्टिक, मग बाटल्या-डबे, आणि महिन्यातून एकदा न जळणारा. एक लाकडी पाटी होती. ती ज्याच्या दारावर लटके, त्याची त्या आठवड्याची पाळी. कचरा गेला की त्यानं कोपरा धुवायचा, मला झटकून घडी घालायची आणि पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. गाडी वर येत नाही. कुसानो नावाचा कामगार आणि त्याचा जोडीदार दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायऱ्या उतरायचे, पुन्हा चढायचे.

पिशव्या पारदर्शक असतात. त्यामुळे माणसं मला जेवढी कळली तेवढी त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळली नसतील. कुणाकडे बाळ आलं, कुणी दारू सोडली, कुणी पुन्हा धरली. घर रिकामं होणार असेल तेही मला आधी कळायचं. एका आठवड्यात पिशव्यांचा ढीग माझ्याखाली मावायचा नाही. आणि पुढच्या आठवड्यात त्या घरची एकही पिशवी नसायची. तरुण माणसं खाली सपाटीवर राहायला गेली, म्हातारी इस्पितळात. अठराची अकरा झाली, अकराची चार. कावळ्यांनाही चढ परवडेना. तेही खाली गेले.

इवानागा तेइजींचं घर माझ्या अगदी वरच्या अंगाला. जहाजाच्या कारखान्यात जोडकाम करून निवृत्त झालेला माणूस, बोलणं कमी आणि तेही तुसडं. कचरा घेऊन नेहमी त्यांची बायको सुगा यायची. तिची पिशवी अशी बांधलेली असायची, की जणू कुणाला भेट द्यायची आहे. ती गेली त्या वर्षी पहिल्यांदा इवानागा स्वतः आले. पिशवी माझ्याखाली न सरकवता लांबूनच टाकली आणि मागं न बघता वर गेले.

कुसानोनं ती उचलली, पाहिली आणि खाली ठेवली. नियमच तसा, वेगळा न केलेला कचरा न्यायचा नाही. पिवळी चिठ्ठी चिकटवून तो बाकीच्या घेऊन गेला. त्या दिवशी माझ्याखाली ती एकच पिशवी राहिली.

पुढच्या शुक्रवारीही तेच. मग मित्सुएबाई आल्या. हातात रबरी मोजे, चेहरा असा की मलाही धडकी भरली.

"अहो इवानागासान! जरा खाली या!"

वरचं दार बंदच.

"घरात आहात, चपला दिसताहेत! डबे, बाटल्या, भात, सगळ्याचा एकत्र काला केलाय. कचरा आहे का खिचडी?"

इवानागा दारात आले. "न्यायचा तर न्या म्हणावं. नाहीतर राहू द्या पडलेला."

"पडलेला राहू द्या? वास कुणाच्या घरात येतो? माझ्या!" असं म्हणत त्यांनी तिथंच उकिडवं बसून पिशवी सोडली. एकेक वस्तू काढू लागल्या. दुकानातून आणलेले जेवणाचे डबे, अर्धा भात तसाच. बिअरचे डबे. औषधाच्या बाटल्या. एक दात घासायचा ब्रश. निळ्या फुलांचा एप्रन. आणि सर्वात तळाशी, एप्रनच्या खिशात, चष्मा.

मित्सुएबाईंचे हात थांबले.

इवानागा चार पायऱ्या उतरून आले. "डोळ्यांसमोर नको होतं," ते म्हणाले. "म्हणून सगळं एकदम कोंबलं. कुठलं कशात जातं ते तिलाच ठाऊक."

"बसा इथं," मित्सुएबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"बसा म्हणते ना! एवढी जहाजं जोडलीत, चार पिशव्या जमत नाहीत होय? बाटली आधी विसळायची. झाकण वेगळं. डबा धुवून प्लास्टिकमध्ये. एप्रन जळणाऱ्यात."

"आणि चष्मा?"

बाईंनी तो आपल्या बाहीला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "तो राहू द्या घरात. त्याचा वार कोणता, ते मी नंतर सांगेन."

तो वार त्यांनी कधीच सांगितला नाही.

त्यानंतर इवानागा शिकले. हळू शिकले, आणि मला वाटतं काही वेळा मुद्दाम हळू शिकले. हातात काहीतरी धरून ते कोपऱ्यावर उभे राहायचे. "मित्सुएसान, छत्री कशात?" "कापड वेगळं, काड्या वेगळ्या. मागच्या महिन्यात सांगितलं होतं!" "विसरलो." "सुगासानचं कसं निभलं हो तुमच्याबरोबर?" "निभलं नाही. तिनं निभावलं." मग दोघं माझी दोन टोकं धरून घडी घालायचे. एकट्यालाही मी सहज आवरते, पण ते दोघं घालायचे.

पुढं उरलेल्या दोन घरांतली माणसंही गेली आणि पाटी या दोघांच्याच दारांवर आलटून पालटून लटकू लागली. माझ्या आयुष्यातली तीच वर्षं मला सर्वांत भरलेली वाटतात, आणि तेव्हा माझ्याखाली जेमतेम दोन पिशव्या असायच्या.

गेल्या शरदात एका मंगळवारी मित्सुएबाईंच्या घरून नऊ पिशव्या आल्या. मी ओळखलं. इवानागांनीही ओळखलं असावं, कारण ते पिशव्या मोजत असल्यासारखे उभे राहिले.

"गुडघा आता साथ देत नाही," मित्सुएबाई म्हणाल्या. "लेक फुकुओकाला ये म्हणते. त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे."

"बरं आहे," इवानागा म्हणाले.

"एवढंच?"

"लिफ्ट चांगली असते."

बाई हसल्या, मग खिशातल्या रुमालानं नाक पुसलं. पाटी त्यांच्या दारावर होती. ती काढून त्यांनी इवानागांच्या हातात दिली. या खेपेस ती घेऊन पुढं जायला दार नव्हतं. ती तिथंच राहिली.

हिवाळ्यात मी आणि ते. आठवड्याला एक छोटी पिशवी. इवानागा पाय घसरून दोनदा पडले, दुसऱ्यांदा माझ्यावरच. तेव्हा कुसानो म्हणाला, "आजोबा, आता इथवर यायचं नाही. पिशवी दाराबाहेर ठेवा, मी नेतो. आणि हाक मारीन, तेव्हा ओ द्यायची बरं का! नाही दिलीत तर दार ठोठावीन."

"मेलोय का ते बघायला?"

"जिवंत आहात का ते बघायला," कुसानो म्हणाला.

ही गोष्ट चांगलीच झाली. दर मंगळवारी, शुक्रवारी वर हाक जाते, वरून खोकत ओ येते आणि माझा जीव भांड्यात पडतो. पण माझ्या कोपऱ्यात आता कुणी थांबत नाही. दोन महिने मी घडी घातलेली तशीच पडून होते. सिमेंटच्या भेगेतलं गवत माझ्यातून वर आलं होतं.

मग एक दिवस इवानागा काठी टेकत आले, मला काखोटीला मारलं आणि आपल्या ओसरीवर नेलं. फोन लावला.

"मित्सुएसान? जाळी कशात टाकायची?"

पलीकडचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "आधी नमस्कार-चमत्कार काही? जाळी न जळणाऱ्यात. पण हातभर लांबीचे तुकडे करून! अख्खी ठेवाल तर नेणार नाहीत."

"कात्री बोथट आहे."

"मग हळूहळू कापा. घाई कुणाला आहे?"

ते त्यांनी अगदी मनावर घेतलं. न जळणाऱ्याचा वार महिन्यातून एकदा. त्याच्या आदल्या दिवशी ते ओसरीवर बसतात, माझा एक तुकडा कापतात, एकच, आणि फोन लावतात.

"अजून संपली नाही का ती जाळी?" मित्सुएबाई ओरडतात.

"मोठी आहे," ते म्हणतात. मग गुडघ्याची चौकशी होते, लेकीच्या हातच्या खारट सुपाची तक्रार होते, कुणाचं काय झालं ते होतं. चहा गार होतो.

आतापर्यंत माझे पाच तुकडे गेले. दुखत नाही. मी हिशेब केलाय, या चालीनं मी अजून दोन वर्षं तरी पुरेन. तुमच्यापैकी कुणी कधी या पायऱ्या चढून आलात आणि ओसरीवर बोथट कात्री घेऊन बसलेला म्हातारा दिसला, तर एवढी विनंती ऐका. त्याला धारदार कात्री देऊ नका.