खुर्चीचे हात घट्ट धर, कॅप्टन

थिएटरच्या भिंती निळ्या आहेत, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

"अहो, भिंती निळ्या आहेत!" तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"मग काय काळ्या असणार?"

"मला तर काळ्याच वाटायच्या."

लहानपणी याच थिएटरात तिनं बाबांबरोबर कितीतरी सिनेमे पाहिले होते, पण दिवे चालू असताना ती कधी आत आलीच नव्हती. आता थिएटर दुरुस्त होऊन उघडलं होतं आणि दर शनिवारी दुपारी जुने अंतराळातले सिनेमे लावणार होते. ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. दुकानात जाता जाता तिला पोस्टर दिसलं. तांबडा ग्रह, तिरकं उतरलेलं यान आणि छातीत दिवा असलेला यंत्रमाणूस. हाच तो, बाबांबरोबर पाहिलेला! ती रस्त्यातच हरखून उभी राहिली. मालकाकडून शनिवारची दुपार मागून घेतली आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच आणलं.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट काही दिवस बघत नाही की रात्र. कुठेतरी अडकायची, निरोप यायचा, आणि बाबा हत्यारांची पिशवी उचलून चालू पडायचे. आठवड्यातल्या निम्म्या रात्री ते घरी नसायचेच. शेजारीण म्हणायची, "इथं जिना चढणारं कोणी उरलंय की नाही?" आई नुसती हसायची. पण रविवारची दुपार लेकीची असायची. बाबांनी तिला कधी बागेत नेलं नाही, ते शाळेच्या गॅदरिंगला कधी आले नाहीत, पण सिनेमा कधी चुकवला नाही. तोही असलाच, यानांचा आणि परग्रहांचा.

त्यातली परदेशी बोली तिला काडीची कळायची नाही. न कळेना का! बॅटरीवाला अंधारात जागा दाखवायचा. फाटक्या रेक्झीनमधून काथ्या मांडीला टोचायचा, हातात खारे दाणे, समोर भिंतभर तारे आणि कानाशी बाबांचा आवाज. यान सुटायची वेळ झाली की ते कुजबुजायचे, "खुर्चीचे हात घट्ट धर, कॅप्टन. पोट मागे राहील हं!" आणि खरंच, तिचं पोट मागे राहायचं.

बाबांना पुढचं सगळं आधीच कळायचं. "आता दार उघडेल. पण आत कोणी नसेल बघ." दार उघडायचं, आत कोणी नसायचं. आमच्या बाबांना भविष्य दिसतं, अशी फुशारकी तिनं वर्गभर मारली होती. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत बाबा तिला बाहेर न्यायचे आणि पुन्हा अंधार झाला की आत आणायचे. शेवट मात्र दोघांनी कधी पाहिला नाही. "गर्दीत चेंगरशील," म्हणत बाबा तिला आधीच बाहेर काढायचे आणि घरी जाताना रस्त्यात हातवारे करून शेवट सांगायचे. पाहण्यापेक्षा त्या ऐकण्यातच तिला जास्त गोडी वाटायची.

ती आठवीत असताना बाबा परगावी कामाला गेले आणि तिकडेच वारले, असं आईनं सांगितलं. त्यानंतर ती या थिएटरची पायरी चढली नव्हती.

दिवे गेले. पडद्यावर यान उभं राहिलं, उलटे आकडे सुरू झाले. तिचे हात आपसूक खुर्चीच्या हातांवर गेले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पुरुष हळूच म्हणाला,

"खुर्चीचे हात घट्ट धर, कॅप्टन. पोट मागे राहील हं!"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज बाबांचा नव्हता, पण शब्द न् शब्द तोच होता. त्या "हं"चा हेलसुद्धा तोच. मध्यंतरापर्यंत पडद्यावर काय झालं, देव जाणे.

दिवे लागताच ती वळली. मागे तिच्याच वयाचा, चित्रकलेच्या मास्तरासारखा बोटांना रंग लागलेला माणूस बसला होता, शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"माफ करा, पण मघाशी ते पोट मागे राहील म्हणालात... ते कुठून आलं?"

"ते होय!" तो हसला. "आमच्या बाबांचं. रविवारी सकाळच्या खेळाला आणायचे मला इथं. तेव्हा मी कॅप्टन होतो, आता ही."

"सकाळच्या?"

"हो. दुपारी त्यांना काम असायचं ना. कुठेतरी लिफ्ट अडकलेली असायचीच."

"अरे वा!" तिचा नवरा म्हणाला. "हिचे बाबापण लिफ्टचंच..." आणि बायकोचा चेहरा पाहून गप्प झाला.

तिनं मोबाइलमधला बाबांचा फोटो काढून समोर धरला. आधी मुलगीच ओरडली, "बाबा, हे तर आपल्या भिंतीवरचे आजोबा!"

त्या माणसाचा रंग उतरला. फोटो मोठा करून त्यानं शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं.

"हा खिसा माझ्या आईनं शिवलाय. पेचकस ठेवायला, खाली दुहेरी शिवण घालून. हा फोटो तुमच्याकडे कसा?"

"मी त्यांची मुलगी आहे."

आजूबाजूला लोक कागदी पुडे घेऊन जागेवर येत होते. कोणीतरी "जरा पाय घ्या," म्हणालं. दोघांनीही पाय घेतले नाहीत.

"ते परगावी वारले," ती म्हणाली. का म्हणाली, तिलाही कळलं नाही.

"परगावी? घरी वारले. जेवता जेवता. मी शेजारी बसलो होतो."

तिला वाटलं, असेल. बाबांचं बाहेर कुठे काहीतरी असेल, हा त्यातला असेल. त्या विचाराला ती बुडणाऱ्यासारखी धरून राहिली. मग तो अडखळत म्हणाला, आई-बाबांच्या लग्नानंतर पाच वर्षांनी मी झालो. त्यानं स्वतःचं वय सांगितलं. तो तिच्याहून मोठा होता. म्हणजे बाहेरचं घर त्याचं नव्हतंच.

आणि भविष्य तरी कसलं दिसत होतं बाबांना! "सकाळी पाहून आलेलं दुपारी माझ्या कानात सांगायचे," ती पुटपुटली.

तिनं त्याचा नंबर कसाबसा टिपून घेतला, आपला दिला आणि ती बाहेर पडली. घरी येताना नवरा बजावत होता, "सासूबाईंचं बीपी आहे. आधी बसव, मग हळूहळू सांग." तिनं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती समोर बसली आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाली, "आई, थिएटरात बाबांचा मुलगा भेटला."

आईनं टॉवेलची घडी पुरी केली. "कसा आहे दिसायला? नाक बापाचंच का?"

"तुला माहीत होतं?"

"तू पोटात होतीस तेव्हा कळलं मला," आई म्हणाली.

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प कसली! घर डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, सगळं केलं. पण पोटात पोर घेऊन जाणार कुठे? माहेरचं दार तर बंदच होतं. मग म्हटलं, पोरीला बाप तरी मिळू दे. सिनेमाला ने म्हणून मीच सांगितलं त्यांना. बागेत कोणी ना कोणी पाहिलं असतं. अंधारात कोण कुणाला ओळखतंय? दिवे गेल्यावर आत जा, दिवे लागायच्या आत बाहेर ये."

बॅटरीचा तो गोल उजेड, बाबांचं ते "चेंगरशील", रस्त्यातले हातवारे, आयुष्यभर उराशी धरलेलं सगळं तिला लपवण्याची सोय होती.

"आणि ते गेले तेव्हा?"

"त्यांच्या हाताखालचा एकजण सांगून गेला, तोवर सगळं आटोपलं होतं. एकदा त्या घरावरून चालत गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. परत आले आणि तुझी वेणी घातली. शाळेला उशीर होत होता तुला."

पुढचे काही दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. दुकानात एक गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचून संपवून बसलं, तरी हिचं लक्ष नव्हतं. "बाई, डोळे माझे तपासायचेत ना?" त्यानं विचारलं.

बुधवारी त्या माणसाचा फोन आला.

"मी आईला काही विचारलं नाही," तो म्हणाला. "विचारणारही नाही. तिला ठाऊक असलं तरी वाईट, नसलं तरी वाईट." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला म्हणे बाबा पुढचं सांगायचे?"

"कानात. सगळा वेळ."

"मला त्या एका कॅप्टनपलीकडे काही बोलायचे नाहीत. डोळे फाडून पडद्याकडे बघत बसायचे. मी काही विचारलं की म्हणायचे, गप बस, मला लक्षात ठेवायचंय. मला वाटायचं, यांना माझ्यापेक्षा सिनेमाच प्यारा. लक्षात कुणासाठी ठेवत होते, ते शनिवारी कळलं. राग आला मला तुमचा. खरं सांगतो."

"मलाही तुमचा आला होता," ती म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी तिनं डोळे पुसले.

शनिवारी दुसरा सिनेमा लागणार होता. जायचं, असं दोघांत ठरलं. आई दारापर्यंत आली ती चपला घालूनच.

"मी पण येते. इतकी वर्षं नुसतं ऐकलंय त्या थिएटराचं."

"आई, तो येणार आहे."

"माहितीये की. म्हणून तर चांगलं पातळ नेसलेय."

तो थिएटराच्या पायऱ्यांवर उभा होता, लेकीचा हात धरून. आईला पाहून गोंधळला. नमस्कार करावा की नको, हेच त्याला कळेना, हात अर्धेच वर आले. आईनं त्याला वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"आई बरी आहे ना तुझी?" आईनं विचारलं.

"बरी आहे. गुडघे फार दुखतात."

"माझेही," आई म्हणाली, आणि पायरी चढायला तिनं त्याच्यापुढे हात केला.