उस्तादांचा कान

गाडी विकायला काढली तेव्हा जाहिरात मी लिहिली. ह्यांच्यावर सोपवली असती तर आधी गाडीचे सतरा दोष आले असते आणि फोन नंबरला जागाच उरली नसती. मी लिहिलं, 'इटालियन, दोन दारांची, १९६७ची, सहा वर्षं खपून नव्यासारखी केलेली. बघायला या, पण चपला पुसून.' चपलांचं ह्यांनी घालायला लावलं.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एका बंद पडलेल्या छापखान्यामागे उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. ह्यांनी अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत थांबून मग गाडी उचलली. पुढे इंजिन सुटं होऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि आठ महिने आम्ही ओट्याशी उभं राहून जेवलो. रंग मूळचा होता तोच दिला, फिकट राखाडी. त्यामुळे बघायला येणारा प्रत्येक जण आमच्या गॅरेजच्या शेडच्या दारातच हिरमुसतो. इटालियन म्हटलं की लोकांना लालच पाहिजे.

आता एवढं करून विकायची कशाला? तर झाली म्हणून. झालेल्या गाडीत ह्यांना रस नसतो आणि शेडमध्ये अशी सुटी करून ठेवायला जागा एकाच गाडीची आहे; गिऱ्हाइकांच्या गाड्या दुरुस्तीला आल्या की दाराबाहेर उभ्या राहतात.

ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते हातापेक्षा कानामुळे. त्या जुन्या इंजिनांना दोन कार्बुरेटर असतात आणि दोघांना सारखी हवा ओढावी लागते. एकानं जास्त ओढली की इंजिन लंगडतं. हवा मोजायची यंत्रं मिळतात, पण उस्तादांना ती चालत नाहीत. रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि स्क्रू फिरवायचा, ही ह्यांची पद्धत. ते बघायला लोक हातातली कामं टाकून शेडपाशी येऊन उभे राहायचे.

पण चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारल्यावर कानांनी तरी किती साथ द्यावी! दोन वर्षांपूर्वी बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. हे मान्य करायलाच तयार नव्हते. जग पुटपुटायला लागलंय, असं ह्यांचं मत. कानाचं यंत्र आणलं, ते पान्यांच्या खणात जाऊन पडलं, कारण त्यातून इंजिन कांदा तळल्यासारखं ऐकू येतं म्हणे. टीव्ही तर एवढा मोठा लागायचा की शेजारच्या बॅटरीवाल्यानं बातम्यांसाठी स्वतःचा टीव्ही लावणंच सोडून दिलं.

"उस्तादाचा कान गेला असं बाहेर कळलं ना, तर शेडमध्ये कुत्रं फिरकायचं नाही," हे एकदा म्हणाले. घाबरले होते. मी ह्यांना घाबरलेलं त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलीच्या जन्माच्या वेळी.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे. खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा हेच माझं काम. चालू इंजिनापाशी मी दोन मिनिटं उभी राहिले तरी कोणता कार्बुरेटर हावरट झालाय ते मला कळतं. "मी ऐकते, तुम्ही फिरवा," असं मीच म्हटलं आणि आमची खूण ठरली. हातातलं फडकं मी उजव्या खांद्यावर टाकलं की स्क्रू घट्ट करायचा. डाव्या खांद्यावर टाकलं की सैल. घडी घातली की थांबायचं. हे नळी कानाला लावणार, डोळे मिटल्यासारखे करून फटीतून माझ्याकडे बघणार आणि लोक म्हणणार, "वा उस्ताद! काय कान आहे!" झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्यांदा मजा वाटली. मग हळूहळू सलायला लागलं. "वा उस्ताद" झालं की हे गालातल्या गालात हसायचे, आणि लोक माझ्याकडे वळून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही का उन्हात उभ्या?" बाहेर कुठे बोलायचं नाही हे मला मान्य होतं. पण रात्रंदिवस एका घरात राहून ह्या माणसानं मला तरी कधी म्हणावं, की बाई, तुझ्यामुळे चाललंय! एवढंही नाही. मला राग होता आणि तो मी गिळत होते.

असो. जाहिरात वाचून पहिला आला, त्याला गाडी लग्नाच्या वरातीत मिरवायला भाड्यानं द्यायची होती. "लाल करून द्याल का?" त्यानं विचारलं. ह्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसरा अंगानं भरलेला, हौसेनं आत बसला आणि बाहेर येईना. शेवटी मी आणि बॅटरीवाल्यानं त्याला दोन्ही हात धरून ओढून काढला. उभा राहिल्यावर म्हणाला, "विचार करून कळवतो." अजून करतोय.

तिसऱ्या आल्या त्या दातांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, बारीक, केस कापलेले. आल्या त्या चपला पुसून. पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि दाराच्या फटी, चाकांच्या कमानी, सीटखालचा पत्रा असं सगळं आरसा घालून बघितलं. चाळीस मिनिटं हेच. आमचे हे खुर्चीत आ वासून बसले होते, जणू तपासणी ह्यांचीच चालली होती.

"काम उत्तम आहे," त्या अखेर म्हणाल्या. "रंगही मूळचाच ठेवलात, बरं केलंत. माझी एकच अट आहे. कार्बुरेटर माझ्यासमोर जुळवून दाखवा. तुमच्या कानाबद्दल खूप ऐकलंय. गाडी मी घेईन, पण तिची जबाबदारी कोणाच्या कानावर टाकतेय ते मला बघायचंय."

मी पटकन फडकं शोधलं. ह्यांनी मान हलवून नळी उचलली. इंजिन सुरू झालं. आणि डॉक्टरबाई नेमक्या माझ्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या! त्यांना सरका कसं म्हणायचं? मी फडकं घेऊन पलीकडे, खिडकीपाशी गेले. ह्यांनी डोळ्यांच्या फटीतून मला शोधलं, मी दिसले, मग जरा सैलावले.

सुरुवात झक्क झाली. फडकं उजवीकडे, स्क्रू घट्ट. डावीकडे, थोडा सैल. इंजिन छान लयीत यायला लागलं. अजून एक पाव फेरा, की मी घडी घालणार, तेवढ्यात खिडकीतून एक गांधीलमाशी आली आणि थेट माझ्या मानेवर उजवीकडे बसली.

मी काय करणार? फडकं मारलं. ती उडून डाव्या कानापाशी आली, मी डावीकडे मारलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, दोनदा. आणि तिकडे आमचे आज्ञाधारक उस्ताद घट्ट, सैल, घट्ट, सैल, सैल करत सुटले! चेहरा गोंधळलेला, पण हात थांबेना. इंजिन खोकलं, ठसकलं, बंदुकीसारखा एक बार काढला आणि बंद पडलं. गांधीलमाशी आली तशी निघून गेली.

आवाज ऐकून बॅटरीवाला धावत दाराशी आला. डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, मग केसांवरची काजळी शांतपणे झटकली.

"उस्ताद," त्या म्हणाल्या, "ताईंना माशी चावायला आली तर माझी गाडी का बंद पडते?"

त्या 'माझी गाडी' म्हणाल्या हे मी टिपलं. ह्यांनी टिपलं नाही. हे मला इतके म्हातारे कधीच दिसले नव्हते. पितळ उघडं पडलं होतं, पण ह्यांच्याजवळ सबबी नेहमी तयार असतात. पेट्रोल खराब आहे, प्लग ओला आहे, आज हवा जड आहे. ह्यातली कोणती काढतात त्याची मी वाट बघत होते. दारात बॅटरीवाला उभा, म्हणजे जे बोलतील ते संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्यावर होणार.

ह्यांनी नळी खाली ठेवली.

"कारण कान हिचा आहे," हे म्हणाले. बहिऱ्या माणसांचं असतं तसं, जरुरीपेक्षा मोठ्यानं. "माझे गेले. दोन वर्षं झाली. तेव्हापासून ह्या शेडमधून गेलेली प्रत्येक गाडी हिनं जुळवलीय. मी नुसता नळी लावून उभा राहतो आणि शाबासकी घेतो."

दोन वर्षं मी हेच ऐकायची वाट बघत होते. पण ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला. मी जाऊन ह्यांचा हात धरला, बॅटरीवाल्यासमोर.

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "मी चष्म्याशिवाय कुणाच्या तोंडात हात घालत नाही," त्या म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय? नळी त्यांना द्या. आणि मला लवकर आटपून द्या, चार वाजता एकाची दाढ काढायची आहे."

मग मी नळी कानाला लावली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं. "घट्ट. अजून. नाही हो, एवढं नाही! सैल करा. बास!" तीन मिनिटांत इंजिन असं चालायला लागलं की बोनेट बंद करून वर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हललं नाही. ह्यांचे हात सुरेख आहेत, हे मी नेहमीच म्हणते. सौदा झाला. दर तीन महिन्यांनी गाडी आमच्याकडे येणार, दोघंही हजर असतील तरच, असं डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून घेतलं.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा आम्ही दोघं फाटकात उभे होतो. वळणावर ती दिसेनाशी झाली. सहा वर्षांचं काम. हे तसेच त्या दिशेला बघत राहिले.

"गेली का गं?" ह्यांनी विचारलं.

"अजून नाही. पुलाच्या चढावर आहे. दुसरा गिअर टाकलाय."

"कशी चाललीय?"

"एकसारखी. लंगडत नाहीये."

रस्त्यावर ट्रक होते, हॉर्न होते, बॅटरीवाला कुणाला तरी हातवारे करून सगळी कथा सांगत होता. मी डोळे मिटले आणि तो एक आवाज वेगळा धरून ठेवला.

"आता?" हे म्हणाले. "जरा मोठ्यानं सांग ना."

"तिसरा गिअर!" मी भर रस्त्यात ओरडले. "अजून येतेय ऐकू!"