थोरल्याची गोळी

“मग ह्यांनाबी तीच गोळी द्या,” इंदुबाई डॉक्टरांना म्हणाली.

शेजारी तिचा नवरा दत्तोबा मान खाली घालून बसला होता. आईकडून आलेली बी प्रकारची कावीळ दोन्ही भावांच्या रक्तात होती. यकृताचा कॅन्सर मात्र धाकट्या दत्तोबालाच झाला. थोरला हिंदुराव हृदयाच्या झटक्यानंतर बारा वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता.

“अशी गोळी घेणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसतो, असं काही अभ्यास म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “पण ते गोळीमुळेच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आणि आता ह्यांना तिचा उपयोग नाही.”

इंदुबाईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

मांजरी गावातल्या घरात वरच्या मजल्यावर थोरले राहत. झटका आल्यापासून हिंदुरावाला पाण्याची बादली उचलू द्यायचे नाहीत. दत्तोबा दोन्ही घरचं पाणी वर चढवायचा आणि इंदुबाईला जावेची कीव यायची. ती कीव तिला आवडायचीही. आता जिन्यात थोरल्याचं पाऊल वाजलं की ती दार लोटून घ्यायची.

संध्याकाळी जाऊ बायडाबाई पेज घेऊन आली.

“जाऊबाई, तुमच्याकडं झटका आला अन् गोळी मिळाली, नशीब तुमचं,” इंदुबाई म्हणाली.

बायडाबाईने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली.

आठवड्याने ती परत आली, ती दारातच थांबली. “इंदू, ह्यांनी गोळी सोडलीया. म्हणत्यात, धाकट्याला न्हाई ती मला कशाला. माझं ऐकंनात.”

इंदुबाईला आत कुठेतरी बरं वाटलं. होऊ दे समान, असंच वाटलं. ती भाजी निवडत राहिली. मग हात पुसून उठली आणि वर गेली.

हिंदुराव पलंगावर बसला होता. तिने फडताळातली गोळी काढली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

“घ्या, दादा.”

“नको, इंदू.”

“ह्यांना खांदा द्यायला दुसरं कोण हाय?”

हिंदुरावाने तिच्याकडे पाहिलं आणि गोळी घेतली. पाणी त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत ती उभी राहिली. तेव्हाही तिला त्याचा हेवाच वाटत होता.

ती खाली आली तेव्हा दत्तोबा जागा होता.

“वर काय झालं?”

“काय न्हाई. दादांनी औषध घेतलं.”

ती त्याच्या पायाशी बसून पाय चेपू लागली. सुजलेल्या पायांवर तिच्या अंगठ्याचे खळगे पडत होते, आणि बराच वेळ भरून येत नव्हते.